दोन प्रोसेस, एक आकडा: सिंक्रोनायझेशन हाताने शिकताना

वाचायला बसण्याआधी एक प्रयोग करून घ्या. पायथॉनमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहा. एक सामायिक काउंटर, सुरुवातीला शून्य. दोन प्रोसेस (म्हणजे चालू असलेले स्वतंत्र प्रोग्रॅम) सुरू करायच्या आणि प्रत्येकीने तो काउंटर एकेकाने एक लाख वेळा वाढवायचा. दोघींचं काम संपलं की आकडा छापायचा. काउंटरसाठी मल्टिप्रोसेसिंग मॉड्यूलमधलं ‘व्हॅल्यू’ वापरा. साधा ग्लोबल व्हेरिएबल घेतलात तर शेवटी शून्यच छापलं जाईल. ते का, हे दुसऱ्या पायरीत येईल.

उत्तर दोन लाख यायला हवं. बहुधा येणार नाही. पुन्हा चालवा, आकडा बदललेला असेल. तिसऱ्यांदा चालवा, आणखी तिसराच. कोडमध्ये स्पेलिंगचीही चूक नाही, एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त हिशेब चुकतो, तोही दर वेळी वेगळा. सिंक्रोनायझेशनचं, म्हणजे एकाच वस्तूला हात लावणाऱ्या प्रोसेसना शिस्त लावण्याचं, पुस्तक उघडण्याआधी ही अस्वस्थता एकदा अनुभवावी असं माझं मत आहे. नाहीतर पुढचं सगळं परीक्षेपुरतं पाठ होतं आणि कामाच्या वेळी आठवत नाही.

पायरी १: आकडा नेमका कुठे हरवतो ते बघा

‘काउंटर एकाने वाढव’ ही आपल्याला एक कृती वाटते. मशिनच्या लेखी त्या तीन कृती आहेत: मेमरीतून आकडा वाच, त्यात एक मिळव, परत मेमरीत लिही. या तिन्हींच्या मधल्या फटीत दुसरी प्रोसेस घुसू शकते. काउंटर ४१ वर असताना असं होतं:

अ वाचते: ४१
ब वाचते: ४१
अ लिहिते: ४२
ब लिहिते: ४२

दोघींनी आपापलं काम चोख केलं, वाढ मात्र एकाचीच झाली. यालाच रेस कंडिशन म्हणतात: निकाल कोडवर ठरत नाही, कोण आधी पोचलं यावर ठरतो.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि एक कोडं सोडवा. दोन्ही प्रोसेस प्रत्येकी एक लाख वेळा वाढवणार असतील, तर शेवटी कमीत कमी किती आकडा येऊ शकेल? बहुतेक जण एक लाख म्हणतात. बरोबर उत्तर आहे दोन. होय, नुसतं २. अ शून्य वाचते आणि तिथेच थांबवली जाते. ब आपल्या ९९,९९९ फेऱ्या पूर्ण करते. अ जागी होते आणि आपला शिळा हिशेब लिहिते: १. ब आपल्या शेवटच्या फेरीसाठी तो १ वाचते आणि आता तिला थांबवलं जातं. अ आपल्या उरलेल्या ९९,९९९ फेऱ्या मारून काउंटर एक लाखावर नेते. शेवटी ब उठते आणि तिच्याजवळच्या एकात एक मिळवून २ लिहिते. खऱ्या मशिनवर असं घडताना दिसणं जवळपास अशक्य, पण घडायला कुणाची बंदी नाही, आणि मुद्दा तोच आहे.

याच प्रयोगात एक लाखाऐवजी शंभर फेऱ्या ठेवून बघा. उत्तर बहुतेक वेळा बरोबर दोनशे येईल. कारण साधं आहे. नवी प्रोसेस उभी राहायलाच इतका वेळ लागतो की दुसरी सुरू होईपर्यंत पहिलीच्या शंभर फेऱ्या उरकलेल्या असतात. लॅपटॉपवर चालणारं आणि सर्व्हरवर भार आल्यावर बिघडणारं कोड बऱ्याचदा असंच जन्माला येतं.

अजून एक गंमत. ‘व्हॅल्यू’सोबत त्याचं स्वतःचं लॉक (एका वेळी एकीलाच आत सोडणारी व्यवस्था) मुळातच येतं. मग आकडा का चुकला? कारण ते लॉक वाचताना एकदा घेतलं जातं आणि सोडलं जातं, लिहिताना परत घेतलं जातं आणि सोडलं जातं. मधली बेरीज उघड्यावर. वाचणं सुरक्षित, लिहिणं सुरक्षित, पण दोन्ही मिळून असुरक्षित. हे वाक्य भिंतीवर चिकटवून ठेवा, डेटाबेसपासून फाइलपर्यंत सगळीकडे उपयोगी पडेल.

पायरी २: सामायिक काय आहे याची यादी काढा

लॉककडे धावण्याआधी हे काम करायचं, आणि बहुतेक लोक नेमकं हेच टाळतात.

थ्रेड, म्हणजे एका प्रोसेसच्या आत एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, त्या एकाच प्रोसेसच्या मेमरीत राहतात, एका घरात राहणाऱ्या भावंडांसारखे, फ्रिज सगळ्यांचा. प्रोसेसचं तसं नाही. लिनक्सवर ‘फोर्क’ने नवी प्रोसेस काढली की तिला आईच्या, म्हणजे जिने तिला काढलं त्या प्रोसेसच्या, मेमरीची प्रत मिळते (प्रत्यक्षात मेमरीच्या एखाद्या पानावर कुणी लिहीपर्यंत ते पान कॉपी केलं जात नाही, पण वागणूक प्रतीचीच). म्हणून साधा ग्लोबल काउंटर वाढवलात तर प्रत्येकीने आपापली प्रत वाढवली, आईच्या हातातला शून्य तसाच राहिला.

थोडक्यात, प्रोसेसच्या जगात आपण मुद्दाम सामायिक केल्याशिवाय मेमरी सामायिक होत नाही. मेमरीबाहेरचं मात्र आपोआप सामायिक असतं: डिस्कवरची फाइल, डेटाबेसमधली ओळ, नेटवर्कचा पोर्ट, तात्पुरत्या फोल्डरमधली ती ‘आउटपुट’ नावाची फाइल जी प्रत्येक प्रोसेस त्याच नावाने उघडते. कागदावर दोन रकाने आखा: वस्तू, आणि तिच्यावर कोण कोण लिहितं. जिथे लिहिणारी एकच आहे आणि बाकीच्या सुरू होण्याआधीच तिचं लिहून संपतं, ती ओळ खोडा. जे उरेल त्याच्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप.

पायरी ३: लॉक लावा, आणि ते कशाचं आहे ते लिहून ठेवा

रेल्वेच्या एकेरी मार्गाची जुनी पद्धत आठवा. दोन स्टेशनांत एक-एक टोकन यंत्र, दोन्ही विजेच्या तारेने जोडलेली. त्यांतून एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शकतो. नीलची गोळा-टोकन यंत्रं भारतीय रेल्वेवर वर्षानुवर्षं वापरात राहिली. ड्रायव्हरच्या हातात गोळा आला तरच गाडी पुढच्या स्टेशनाकडे निघणार, तिथे गोळा यंत्रात परत गेला की मगच पुढचा निघणार. म्युटेक्स, म्हणजे आपलं लॉक, हा तो गोळा. गाडी ज्या पट्ट्यात धावते तो क्रिटिकल सेक्शन.

पण एक फरक आहे आणि तो नवख्यांना महागात पडतो. रेल्वेत गोळा नसेल तर सिग्नल, नियमावली, स्टेशनमास्तर, सगळे मिळून गाडी अडवतात. तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुणीही अडवत नाही. दहा ठिकाणी लॉक घेऊन काउंटर बदललात आणि अकराव्या ठिकाणी विसरलात, तर ती अकरावी जागा खुशाल आत शिरेल आणि लॉकला पत्ताही लागणार नाही. लॉक हा कुलूप कमी आणि आपापसातला करार जास्त आहे. म्हणून लॉकला नाव देताना त्याने राखलेल्या माहितीचं नाव द्या. ‘लॉक१’ असं नाव दिलंत तर सहा महिन्यांनी येणाऱ्या सहकाऱ्याला करार कळणार कसा? ‘शिल्लक_लॉक’ म्हणा, आणि शेजारी कॉमेंटमध्ये एक ओळ: शिल्लक वाचायची किंवा बदलायची तर हे हातात हवं. वाचायची असली तरी.

आपल्या प्रयोगाची दुरुस्ती मग एवढीच:

काउंटरचं लॉक घे
  काउंटर वाच, एक मिळव, लिही
लॉक सोड

पायथॉनमध्ये हे ‘विथ’च्या खाली लिहा, म्हणजे मध्येच एक्सेप्शन आलं तरी लॉक सुटेल. हाताने ‘अक्वायर’ आणि ‘रिलीज’ लिहिणारे लोक मधल्या एखाद्या ‘रिटर्न’वर लॉक घेऊनच घरी जातात.

लॉक तयार कुठे करता हेही बघा. फाइलच्या माथ्यावर ग्लोबल लॉक केलंत आणि लिनक्सवर फोर्कने प्रोसेस काढल्यात तर चालतं. तेच कोड विंडोज किंवा मॅकवर न्या. तिथे डीफॉल्ट पद्धत ‘स्पॉन’ आहे, म्हणजे प्रत्येक मूल फाइल नव्याने वाचतं आणि स्वतःचं वेगळं लॉक तयार करतं. प्रत्येकीच्या हातात आपापला गोळा, सगळ्या गाड्या एकदम मार्गावर! पायथॉन ३.१४ पासून लिनक्सवरही डीफॉल्ट फोर्क राहिलेला नाही, ‘फोर्कसर्व्हर’ झाला आहे. उपाय सोपा आहे: लॉक मुख्य प्रोसेसमध्ये तयार करा आणि प्रोसेस काढताना पॅरामीटर म्हणून हातात द्या. सी मध्ये काम करत असाल तर म्युटेक्स शेअर्ड मेमरीत ठेवावं लागतं आणि त्यावर ‘प्रोसेस-शेअर्ड’ हा गुणधर्म लावावा लागतो. डीफॉल्ट म्युटेक्स फक्त एका प्रोसेसच्या थ्रेडांपुरतं असतं.

लॉकच्या आत किती काम ठेवायचं? जितकं कमी तितकं बरं, हे सगळे सांगतात. मी उलट बाजूही सांगेन: पहिल्या आवृत्तीत एकच मोठं लॉक लावा. लिनक्स कर्नलनेही (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तेच केलं होतं. १९९६ च्या २.० आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसर वापरता येऊ लागले तेव्हा ‘बिग कर्नल लॉक’ नावाचं एक भलंमोठं लॉक होतं. ते हळूहळू फोडत फोडत २०११ मध्ये २.६.३९ आवृत्तीत पूर्ण काढलं गेलं. पंधरा वर्षं लागली, पण तोवर लिनक्सचं काही अडलं नाही. आधी बरोबर चालू द्या, मग मोजा, मग फोडा. एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा: लॉक हातात असताना नेटवर्कवर कुणाला हाक मारू नका. पलीकडचा सर्व्हर तीस सेकंद गप्प बसला तर तुमच्या सगळ्या प्रोसेस तीस सेकंद गप्प बसतात.

थोडं आडवळण: लॉक स्वतः कसं चालतं

हे न वाचता पुढे गेलात तरी काम अडणार नाही. पण एक प्रश्न मनात आला असेल: लॉक म्हणजे एक फ्लॅगच ना? ‘कुणी आत आहे का’ हे वाचायचं, नसेल तर ‘मी आत’ असं लिहायचं. मग हे वाचणं आणि लिहिणं यांच्या फटीत दुसरी घुसली तर?

घुसतेच. म्हणून साधा फ्लॅग लॉक होऊ शकत नाही. नुसत्या वाचण्या-लिहिण्यावर लॉक उभारायचे मार्ग आहेत. डच गणिती डेकर यांचा दोन प्रोसेससाठीचा अल्गोरिदम पहिला, पीटरसन यांचा १९८१ चा त्याहून सुटसुटीत. अभ्यासक्रमात दोन्ही असतात आणि समजून घ्यायला छान आहेत, पण ते जसेच्या तसे आजच्या प्रोसेसरवर टाकलेत तर फसतात. प्रत्येक कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आपलं लिखाण आधी एका छोट्या बफरमध्ये ठेवतो आणि तोवर पुढचं वाचन उरकून घेतो. ‘मी येतोय’ ही पाटी शेजाऱ्याला दिसण्याआधीच मी शेजाऱ्याची पाटी वाचून मोकळा. दोघांनाही वाट मोकळी दिसते.

म्हणून खरं लॉक हार्डवेअरची मदत घेतं. वाचणं, तपासणं आणि लिहिणं या तिन्ही गोष्टी एका अखंड सूचनेत करणारी ‘कम्पेअर अँड स्वॉप’सारखी सूचना: जुना आकडा अमुकच असेल तर नवा लिही, नसेल तर सांग. ती चालू असताना त्या पत्त्यावर दुसरा कोअर हात घालू शकत नाही. लॉक मोकळं नसेल तर दोन पर्याय उरतात. जागेवर घिरट्या घालत पुन्हा पुन्हा विचारायचं, ते स्पिनलॉक. किंवा कर्नलला सांगून झोपी जायचं. लिनक्समध्ये ‘फ्युटेक्स’ या दोन्हींची सांगड घालतो: लॉक मोकळं असेल तर कर्नलपर्यंत जायचंच नाही, गर्दी असेल तरच जायचं. म्हणून गर्दी नसताना लॉक घेणं फार स्वस्त असतं. ‘लॉक स्लो असतात’ असं ऐकीव बोलणाऱ्यांना गर्दी आणि लॉक यांतला फरक विचारून बघा.

पायरी ४: जागा एकाहून जास्त असतील तर सेमाफोर

हा शब्दही रेल्वेचाच, हात वर-खाली करणारा सिग्नल. डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात तो संगणकात आणला. त्याच्या दोन क्रियांना त्यांनी दिलेली ‘पी’ आणि ‘व्ही’ ही अक्षरं डच शब्दांवरून आलेली आहेत, त्यामुळे इंग्रजीत त्यांचा अर्थ शोधत बसू नका. पी म्हणजे आकडा एकाने कमी कर, शून्य असेल तर थांब. व्ही म्हणजे एकाने वाढव, कुणी थांबलं असेल तर उठव.

डेटाबेस एका वेळी पाचच कनेक्शन देत असेल तर सेमाफोर पाचवर सुरू करा. सहावी प्रोसेस आपोआप दारात थांबेल.

त्याचा खरा कस उत्पादक-ग्राहक प्रकारात लागतो. एक प्रोसेस डिस्कवरून फोटो वाचते, चार प्रोसेस ते लहान करतात, मध्ये दहा फोटोंचं बफर. त्यासाठी ‘रिकाम्या जागा’ दहावर, ‘भरलेल्या जागा’ शून्यावर, आणि बफरला हात लावण्यासाठी एक लॉक. ग्राहकाचा क्रम असा: आधी ‘भरलेल्या’वर थांब, मग लॉक घे. उलटा करून बघा. ग्राहकाने लॉक घेतलं आणि मग भरलेल्या जागेची वाट बघत बसला. बफर रिकामं आहे, उत्पादकाला फोटो ठेवायचाय, पण त्याला लॉक हवंय आणि ते ग्राहकाच्या हातात. दोन ओळींची अदलाबदल, आणि सगळं ठप्प. स्वतः हा घोळ एकदा घालून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

कंडिशन व्हेरिएबलबद्दल (एखादी अट पूर्ण होईपर्यंत झोपून राहायचं साधन) इथे एकच सांगतो: जागे झाल्यावर अट परत तपासा, ‘इफ’ने नव्हे, ‘व्हाइल’ने. तुम्हाला उठवल्यापासून लॉक हाती येईपर्यंत दुसरीच कुणी माल घेऊन गेलेली असू शकते. शिवाय कुणी न उठवताही जाग येऊ शकते, तशी मुभा पॉझिक्स या युनिक्स-प्रकारच्या सिस्टिमांच्या प्रमाणकातच आहे.

पायरी ५: दोन लॉक लागली की क्रम ठरवा

बँकेतल्या दोन खात्यांमध्ये पैसे फिरवायचेत. प्रत्येक खात्याचं आपलं लॉक. एक प्रोसेस १०१ मधून २०५ मध्ये पाठवते: १०१ चं लॉक घेतलं, २०५ ची वाट बघतेय. त्याच क्षणी दुसरी २०५ मधून १०१ मध्ये पाठवते: २०५ घेतलं, १०१ ची वाट बघतेय. पहिले आप, पहिले आप नाही, इथे दोघीही म्हणतात पहिले तू सोड. सीपीयूचा वापर शून्य, लॉग शांत, आणि प्रोग्रॅम कायमचा उभा. हा डेडलॉक.

कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्याच्या चार अटी मांडल्या. वस्तू एका वेळी एकालाच मिळते, हातातलं न सोडता पुढचं मागितलं जातं, हातातलं कुणी हिसकावू शकत नाही, आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ तयार होतं. चारही एकदम जमल्या तरच डेडलॉक. एक जरी मोडली तरी सुटका. व्यवहारात मोडायला सगळ्यात सोपी शेवटची: लॉक कायम एकाच क्रमाने घ्या. पैसे कुठूनही कुठे जावोत, लहान क्रमांकाच्या खात्याचं लॉक आधी. मग दुसरी प्रोसेसही १०१ पाशीच थांबेल आणि वर्तुळ पूर्ण होणार नाही.

क्रम पाळूनही एक खड्डा उरतो: १०१ मधून १०१ मध्येच पैसे पाठवणारा. साधं लॉक दुसऱ्यांदा मागितलं की प्रोसेस स्वतःचीच वाट बघत बसते. मूर्खपणाची विनंती म्हणून सोडून देऊ नका, वेब फॉर्मवरून ती येतेच.

टाइमआउट लावणं हा दुसरा लोकप्रिय उपाय. दोन सेकंदांत दुसरं लॉक मिळालं नाही तर पहिलं सोडा आणि परत सुरुवात करा. चालतं, पण थांबण्याच्या वेळात थोडा यादृच्छिकपणा घाला. नाहीतर दोघी एकदम सोडतात, एकदम परत घेतात, आणि अरुंद जिन्यात समोरासमोर आलेल्या दोन भिडस्त माणसांसारख्या डावी-उजवीकडे सरकत राहतात.

डेडलॉक नसतानाही लॉकमुळे गाडी अडते, त्याचं प्रसिद्ध उदाहरण मंगळावरचं आहे. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी प्राधान्याचं काम एक म्युटेक्स धरून होतं. डेटा बस सांभाळणारं उच्च प्राधान्याचं काम त्याच म्युटेक्ससाठी थांबलं. मधल्या प्राधान्याच्या संपर्काच्या कामाने खालच्याला बाजूला सारून सीपीयू घेतला. खालच्याला सीपीयू नाही म्हणून तो म्युटेक्स सोडत नाही, म्हणून वरचा अडकलेला. शिपायाने किल्ली घेतलीय, शिपायाला हेडक्लार्कने कामाला लावलंय, आणि साहेब दाराबाहेर उभे. वरचं काम वेळेत झालं नाही हे बघून देखरेख करणाऱ्या व्यवस्थेने संगणक रीसेट केला. दुरुस्ती म्हणजे एक पर्याय चालू करणं: म्युटेक्स धरणाऱ्याला, त्याच्यासाठी थांबलेल्याचं प्राधान्य तेवढ्यापुरतं उसनं द्यायचं. तो पर्याय त्या सिस्टिममध्ये होताच, बंद ठेवलेला. पृथ्वीवरून पाठवून चालू केला गेला.

पायरी ६: लॉक धरणारीच मेली तर?

थ्रेडच्या पुस्तकांत हा प्रश्न क्वचित असतो, प्रोसेसच्या जगात तो रोजचा. मेमरी संपली म्हणून कर्नलने एखादी प्रोसेस मारली, कुणी ‘किल -९’ (तत्काळ मारण्याची कमांड) दिलं, आणि ती नेमकी क्रिटिकल सेक्शनमध्ये होती. ‘विथ’ इथे वाचवत नाही, कारण तिला मागचं आवरायला वेळच मिळत नाही. पायथॉनचं मल्टिप्रोसेसिंग लॉक लिनक्सवर सेमाफोरवर बेतलेलं आहे आणि सेमाफोरला मालक नसतो. ते धरलेलंच राहतं, बाकीच्या अनंतकाळ थांबतात.

सी मध्ये याला ‘रोबस्ट’ म्युटेक्स आहे. धरणारी मेली तर पुढच्या मागणारीला लॉक मिळतं, सोबत एक खास एरर कोडही मिळतो: आधीची मालकीण मेलीय, माहिती अर्धवट असू शकते, आधी तपासा. दुसरा रस्ता फाइल लॉकचा, आणि तो माझ्या आवडीचा, कारण प्रोसेस संपली की कर्नल तिच्या फाइल बंद करतो आणि लॉकही सुटतं.

माझा स्वतःचा धडा इथलाच. एका जुन्या नोकरीत दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेतून) चालणारं एक काम माझ्याकडे होतं: न पाठवलेल्या एसएमएसची यादी वाचायची, पाठवायचे, ‘पाठवले’ अशी खूण करायची. वर्षभर बिनबोभाट चाललं. मग दिवाळीच्या ऑफरच्या दिवशी यादी इतकी मोठी झाली की काम सात मिनिटं चाललं. पाचव्या मिनिटाला दुसरी प्रत सुरू झाली, तिने तीच यादी वाचली, आणि गिऱ्हाइकांना एकच मेसेज दोनदा. मी शहाणपणा करून ‘चालू आहे’ नावाची फाइल ठेवायला लागलो: फाइल असेल तर बाहेर पड, नसेल तर तयार कर. पहिल्या पायरीतलीच फट, फक्त मेमरीऐवजी डिस्कवर. शिवाय एके रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला, फाइल तशीच मागे राहिली, आणि सकाळपर्यंत एकही एसएमएस गेला नाही. दोनदा जाण्यापेक्षा एकदाही न जाण्यावर जास्त बोलणी खाल्ली.

शेवटी क्रॉनच्या ओळीत कामाआधी ‘फ्लॉक’ ही कमांड लावली, ‘-एन’ या पर्यायासह. लॉक मिळालं तर काम चालव, नाही मिळालं तर न थांबता परत जा. एक ओळ. यातही एक चिमटा आहेच: कामाने मागे एखादी बॅकग्राउंड प्रोसेस सोडली तर उघडी फाइल वारशाने तिच्याकडे जाते आणि लॉक तिच्याकडेच राहतं. तसं असेल तर ‘-ओ’ हा पर्याय बघा.

पायरी ७: शक्य असेल तिथे सामायिक ठेवूच नका

दुसऱ्या पायरीतली यादी परत काढा. त्यातल्या किती वस्तू खरंच सामायिक असायला हव्यात? दोन प्रोसेसनी एक लाख वेळा एकच काउंटर वाढवण्याऐवजी प्रत्येकीने स्वतःकडे मोजून शेवटी एकदाच आकडा पाठवला तर लॉक लाख वेळा घ्यायलाच नको. आणि ते वेगानेही चालेल, कारण एकाच आकड्यासाठी कोअरच्या कॅशेंमध्ये, म्हणजे जवळच्या छोट्या वेगवान मेमरींमध्ये, चाललेली ओढाताण थांबते. (ही ओढाताण कॅशेच्या पूर्ण ओळीची असते, बऱ्याच प्रोसेसरवर ती ६४ बाइटची. म्हणून शेअर्ड मेमरीत शेजारी-शेजारी ठेवलेले दोन वेगवेगळे काउंटरही एकमेकांना मंदावतात.)

ही निरोप पाठवण्याची पद्धत मोठ्या यंत्रांना नवी नाही. पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली तयार झालेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर उभा होता. प्रत्येक नोडची मेमरी आपापली, आणि बोलणं मधल्या दुव्यांवरून निरोप पाठवून. ज्यावर दोघांनी एकदम लिहावं असा सामायिक आकडाच नाही.

पायथॉनमध्ये यासाठी ‘क्यू’ आहे. मुलींनी क्यूमध्ये निकाल टाकायचे, आईने काढायचे. इथला नेहमीचा फास: आई आधी ‘जॉइन’ करते, म्हणजे मुली संपायची वाट बघते, आणि मग क्यू रिकामी करायला घेते. क्यूच्या खाली एक पाइप (दोन प्रोसेसमधली माहितीची नळी) आहे, लिनक्सवर तो साधारणपणे ६४ किलोबाइटला भरतो. निकाल छोटे असतील तर सगळं सुरळीत. मोठे असतील तर पाइप भरतो, मूल उरलेला माल ढकलल्याशिवाय संपत नाही, आणि आई ते संपल्याशिवाय माल उचलत नाही. आधी उचला, मग जॉइन करा.

पायरी ८: अडकलेल्या प्रोसेसची नाडी बघा

प्रोग्रॅम उभा राहिलाय, काहीच छापत नाही. आधी ‘टॉप’मध्ये सीपीयू बघा. शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर कुठेतरी घिरट्या चालल्यात. शून्य असेल तर झोपलीय. झोपलेलीला ‘एसट्रेस’ (प्रोसेस कर्नलकडे काय मागतेय ते दाखवणारी कमांड) लावा, पर्यायात तिचा प्रोसेस क्रमांक द्या. ‘फ्युटेक्स’ आणि ‘वेट’ असं काही दिसून ओळ तिथेच थांबली तर ती लॉकसाठी थांबलीय. ‘रीड’वर थांबली असेल तर पाइप किंवा सॉकेट. पायथॉनच्या कोणत्या ओळीवर थांबलीय हे ‘पाय-स्पाय’ चालत्या प्रोसेसला धक्का न लावता दाखवतं.

हे प्रत्येक प्रोसेससाठी करा आणि कागदावर लिहा: कोण कशासाठी थांबलंय, आणि कुणाच्या हातात काय आहे. बाण काढा. वर्तुळ झालं तर पाचवी पायरी. वर्तुळ होत नसेल, सगळ्या एकाच लॉकसाठी थांबल्या असतील आणि ते लॉक कुणाच्याच हातात दिसत नसेल, तर सुरू केलेल्या प्रोसेस मोजा. आठ सुरू केल्या होत्या आणि सातच जिवंत आहेत असं दिसलं, तर ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, आठवीचा क्रमांक शोधा. मेमरी संपल्यावर कर्नलने कुणाला मारलं त्याची नोंद तिथे वेळेसकट असते.